अक्काच्या दाखल्यात मी काय लिहिलं

मला शीर सापडत नाही. नर्सिंगचा तीन वर्षांचा कोर्स झालेल्या, कौन्सिलकडे नोंदणी असलेल्या आणि आज धुळ्यातल्या एका चाळीस खाटांच्या खाजगी दवाखान्यात वॉर्ड इन्चार्ज असलेल्या माणसाने हे लिहिणं बरं दिसत नाही. पण पुढचं सगळं यातूनच घडलं, म्हणून आधी तेच सांगतो.

तरुण माणसाच्या हातात सलाईनची सुई मी घालू शकतो. शीर फुगलेली असते, दिसते, तिथे टोचायचं. आमच्याकडे येणारे पेशंट मात्र बहुतेक साक्री, पारोळा, शिरपूरकडच्या खेड्यांतले. त्यात म्हाताऱ्या बायका पुष्कळ. जन्मभर उन्हात कापूस वेचलेली, जाड झालेली कातडी, आणि मनगटापासून कोपरापर्यंत गोंदण. मी हिरवी रेघ शोधायला डोळे लावायचो, तर सगळा हातच हिरवा. दोनदा चुकलं की माझ्या कपाळावर घाम यायचा. तिसऱ्यांदा चुकलं की नातेवाईक म्हणायचे, "ब्रदर, राहू द्या. दुसरं कोणी आहे का?"

अशाच एका सकाळी पहिल्यांदा अक्का पुढे आली. ती दवाखान्याच्या हजेरीपटावर सफाई कामगार होती. सगळे तिला मावशी म्हणत. ती माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठी, आमच्याच पारोळा भागातली, म्हणून मी अक्का म्हणायचो आणि ती मला भाऊ. त्या दिवशी ती खाटेखाली फरशी पुसत होती. खाटेवरच्या आजीला माझं दोनदा टोचून झालं होतं. अक्का उठली, साबणाने हात धुतले, पदराला पुसले आणि आजीचा हात आपल्या मांडीवर घेतला. हाताकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. पाहत होती आजीच्या तोंडाकडे, आणि अंगठ्याने चाचपत होती.

"माय, कोनता गावनी तू?" तिने अहिराणीत विचारलं. आजीने गाव सांगितलं. "तठे मनी मावशी दियेल शे," अक्का म्हणाली. तिची मावशी त्याच गावात दिलेली होती. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "भाऊ, अठे शे."

तिच्या अंगठ्याखाली मी सुई घातली आणि चुकलो. तेव्हा मीच सुई तिच्या हातात दिली. हे मला नीट लिहायला हवं. तिने मागितली नव्हती. मी दिली. एका झटक्यात सुईच्या मागच्या नळीत रक्त आलं. मी चिकटपट्टी लावली, तिच्यावर वेळ टाकली, आणि केसपेपरवर 'सलाईन सुरू केलं' असं लिहून खाली सही केली.

त्यानंतर नऊ वर्षं हे चाललं. आमची एक पद्धतच बसून गेली. मी ट्रे घेऊन जायचो, दाराकडे पाठ करून उभा राहायचो, म्हणजे बाहेरून येणाऱ्याला आधी माझी पाठ दिसायची. पेशंटशी मी बोलायचो आणि सुई अक्का घालायची. मग ती बादली उचलून पुढच्या खोलीत जायची आणि मी कागद पूर्ण करायचो. एकदा एका सिस्टरने तिला हसत विचारलं, "मावशी, पगार ब्रदरला आणि काम तुम्हाला?" अक्का म्हणाली, "मना हात, तुमना ब्रदरनी सही. दोन्ही मिळीसन एक मानूस व्हस." सगळे हसले. मीही.

काही पेशंट दुसऱ्यांदा भरती झाले की तीच बाई मागायचे. हलक्या हाताची मावशी कुठे आहे, विचारायचे. डॉक्टरांना हे ठाऊक होतं की नव्हतं, मी कधी विचारलं नाही. एकदा राऊंडला ते सगळ्यांसमोर म्हणाले होते, "ब्रदरचा हात सुधारला हं." मी खाली पाहिलं. पुढच्या वर्षी मला इन्चार्ज केलं.

नियम मला माहीत नव्हता असं म्हणायला जागा नाही. शेवटच्या वर्षाला आम्हाला तो शिकवला होता आणि परीक्षेत मी त्यावरचं उत्तर चांगलं लिहिलं होतं. नर्सला आपलं काही काम मदतनिसाला सोपवता येतं. अंथरूण बदलणं, अंग पुसून देणं, कूस बदलणं, भरवणं, चालवणं, ताप मोजून सांगणं. सोपवताना तो माणूस शिकलेला आहे का, हा पेशंट त्याच्या हाती देण्याजोगा स्थिर आहे का, हे बघायचं, आणि नंतर जाऊन पाहायचं. औषध देणं, इंजेक्शन, सलाईनची सुई ही कामं नोंदणी नसलेल्याला सोपवता येत नाहीत. आणि जे सोपवलं त्याची जबाबदारी सोपवणाऱ्याकडेच राहते.

हा नियम मूर्खपणाचा आहे असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही. शीर सापडली म्हणजे काम झालं असं नसतं. सुईतून काय जातंय, हात कधी सुजतोय, कुठे थांबायचं, हे कळावं लागतं. अक्काला त्यातलं किती कळत होतं, मी कधी तपासलं नाही. नऊ वर्षांत काही वाईट घडलं नाही, असं मी सांगू शकतो. पण घडलं असतं तरी ते कागदावर मीच लिहिणार होतो, तेव्हा माझ्या या वाक्याची किंमत फार नाही.

पुढे दवाखान्याने मानांकनासाठी अर्ज केला. तपासणीला बाहेरून लोक येणार होते. डॉक्टरांनी मला वॉर्डात लावायला एक तक्ता करायला सांगितला: डाव्या बाजूला मदतनिसांनी करायची कामं, उजव्या बाजूला फक्त नर्सने करायची. मी तो माझ्या अक्षरात लिहिला. शिवाय प्रत्येक मावशीकडून एका कागदावर सही घेतली की उजवीकडची कामं आम्ही करत नाही.

अक्काची पाळी आली. सातवीपर्यंत शिकलेली होती, वाचता येत होतं, पण चष्मा घरी होता.

"काय लिखेल शे भाऊ यामा?"

"सुई, औषध, सलाईन हे मावशींनी करायचं नाही."

"आतेपासून?"

"नाही. आधीही करत नव्हतो, असंच आहे."

"मंग आतेलोंग कोन करे? भूत?"

बाकीच्या मावश्या खोखो हसल्या. एक म्हणाली, "भूत नाही, ब्रदर!" अक्काने सही केली आणि पेन मला परत देताना म्हणाली, "चला, भूतनी सुट्टी व्हयनी."

त्या दिवसापासून तिने सुईला हात लावला नाही. मी नव्याने आलेल्या एका सिस्टरला बोलवू लागलो. तिचा हात चांगला होता, नोंदणीही होती. हे आधीच करता आलं असतं. इतकं सोपं होतं, हे पाहून मला वाईट वाटलं, पण कामाच्या गडबडीत ते मागे पडलं.

दोन महिन्यांनी दुपारच्या जेवणाच्या वेळी अक्का माझ्या टेबलाशी आली. तिच्या मुलीचा नवरा वारला होता. मुलगी दोन लहान पोरांना घेऊन जळगावात एका दुकानात काम करत होती. अक्काला तिच्याजवळ जाऊन राहायचं होतं. जळगावच्या एका मोठ्या दवाखान्यात जागा निघाल्या होत्या, दोन प्रकारच्या. एक सफाईची. दुसरी वॉर्डातल्या मदतनिसाची: पेशंटजवळ उभं राहायचं काम. दुसरीसाठी आधीच्या दवाखान्यातल्या इन्चार्ज नर्सचा अनुभवाचा दाखला लागत होता.

"फरशी आते होत नही भाऊ," ती म्हणाली. "गुडघा वाकत नहीत. बठी जास ते उठता येत नही. पेशंटजवळ उभं राहीसन काम माले जमी."

"बघतो."

"मी खोटं लिखा म्हणत नही. सुईनं नका लिखू. बाकी जे शे ते लिखा. अंग पुसाले मी, जेवाडाले मी, संडासले लई जावाले मी. ते तं तुमना तक्तामा डावीकडेच शे ना?"

तिने माझाच तक्ता मला वाचून दाखवला होता. तिचं म्हणणं बरोबर होतं. डावीकडची सगळी कामं तिने वर्षानुवर्षं माझ्या सांगण्यावरून, माझ्या देखत केली होती. ती सोपवायची मला परवानगी होती आणि तशी ती केल्याचं लिहून द्यायचीही. कुठलाच नियम आडवा येत नव्हता. हे मी नंतर पुष्कळदा तपासून पाहिलं आहे.

आडवी आली ती माझी भीती. हजेरीपटावर ती सफाई कामगार. एकदा मी 'रुग्णसेवा' असा शब्द लिहिला की कोणीतरी विचारेल, सफाईची बाई पेशंटपाशी काय करत होती, आणि अजून काय काय करत होती. तपासणी महिन्याभरावर आली होती. जळगावचा दवाखाना खात्री करायला आमच्या डॉक्टरांना फोन करेल, असंही मनात आलं. हे सगळं मी एका दुपारी मनात रचलं, आणि त्यातलं एकही घडण्याची फारशी शक्यता नव्हती.

मी लिहिलं: 'सदर महिला आमच्या रुग्णालयात स्वच्छता विभागात कार्यरत होत्या. त्यांची वर्तणूक समाधानकारक आहे.' शिक्का मारला.

या वेळी तिने चष्मा आणला होता. उभ्यानेच ओठ हलवत वाचलं. दोन ओळी वाचायला तिला बराच वेळ लागला, की तिने त्या दोनदा वाचल्या, कोण जाणे.

"वर्तणूक म्हंजे?"

"वागणं."

"ते चांगलं लिखं शे?"

"हो."

"बरं."

कागदाची चौघडी करून तिने जेवणाच्या पिशवीत ठेवला आणि गेली. भांडली असती तर मी कदाचित दुसरा लिहून दिला असता, असं मी स्वतःला सांगत आलो आहे. तिने भांडावं लागावं, ही अपेक्षासुद्धा माझीच.

जळगावात तिला सफाईचं काम मिळालं. हे मला तिच्या गावच्या एका पेशंटकडून कळलं. तो सहज म्हणाला, "गुडघ्याला पट्टा बांधून पुसते हो. पण कामाला आहे." मी त्याचं बीपी घेत होतो. ते मला पुन्हा घ्यावं लागलं.

त्यानंतर चारेक महिने मी नीट नव्हतो. घरी कोणाला काही सांगितलं नाही. बायकोला वाटलं मला शुगर झाली. मी वॉर्डात तक्त्याखालून जाताना वर बघायचं टाळायचो. शेवटी एका रविवारी बसलो आणि जळगावच्या त्या दवाखान्याच्या मेट्रनना पत्र लिहिलं. दोन पानं झाली. माझा दाखला अपुरा होता, ही बाई नऊ वर्षं पेशंटची सगळी सेवा करत होती, इतकंच नव्हे तर सलाईनच्या सुयाही तीच घालायची आणि खाली मी सही करायचो, दोष पूर्ण माझा आहे, तिला तिच्या लायकीचं काम द्यावं. काहीच लपवलं नाही. तिने जे लिहू नका म्हणून सांगितलं होतं, तेही लिहिलं. पत्र पोस्टात टाकून आलो आणि त्या दिवशी बऱ्याच महिन्यांनी पोटभर जेवलो. पत्र टाकण्याआधी अक्काला विचारावं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

आठवड्याभराने मेट्रनचा फोन आला. शांत बाई होत्या. आधी पत्र मीच लिहिलंय का, याची खात्री करून घेतली.

"तुम्ही प्रामाणिकपणे लिहिलंत," त्या म्हणाल्या. "पण मला सांगा, नोंदणी नसताना नऊ वर्षं सुया घातलेली बाई मी माझ्या वॉर्डात कशी ठेवू?"

"ती आता नाही घालत. मीच सांगायचो, म्हणून..."

"तेच तर. उद्या माझा एखादा आळशी ब्रदर म्हणाला, मावशी, जरा घाला, तर ती घालेल. तिला येतं ना. तिला मी विचारलं, तर लपवलंही नाही बिचारीने. हो म्हणाली."

"मॅडम, चूक माझी आहे."

"ते तुमच्या दवाखान्याने बघायचं. माझ्याकडे ती नोकरीला होती, तुम्ही नाही."

होती, असं त्या म्हणाल्या, त्यावरून तिला काढलं हे मला कळलं.

मला त्यांचा राग आला नाही. त्यांच्या जागी मी, माझ्याच तक्त्याप्रमाणे चालणारा इन्चार्ज, दुसरं काही करू शकलो नसतो. मग मी आमच्या डॉक्टरांकडे जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी केबिनचं दार लावलं, ऐकून घेतलं आणि म्हणाले, "जुनं उकरून काय मिळणार? यापुढे होऊ देऊ नका." माझं पद राहिलं, पगार राहिला, नोंदणीही राहिली. कौन्सिलला स्वतःहून कळवायचं मी ठरवलं होतं. अजून कळवलेलं नाही. दोनदा अर्जाचा मसुदा केला आणि फाडला. एकदा पत्र पाठवून जे झालं त्याचं निमित्त मला पुरतं, की ही पुन्हा तीच भीती आहे, मला सांगता येत नाही.

एक गोष्ट मात्र मी वॉर्डात सुरू केली. एक रजिस्टर घातलं. रोज कोणत्या मदतनिसाला कोणतं काम सोपवलं, कोणत्या पेशंटचं, मी ते नंतर पाहिलं का, हे त्यात लिहायचं. आणि करणाऱ्या बाईचं नाव लिहून तिची सही घ्यायची. फक्त डावीकडची कामं. मावश्यांना सुरुवातीला त्याची भीती वाटली. आता स्वतः येऊन सांगतात, "ब्रदर, बारा नंबरच्या आजींना मी भरवलं, लिहा." त्यातल्या एकीला त्याच्या आधारावर मी पुरा दाखला दिला. पुढे फेरतपासणीला आलेल्यांनी ते रजिस्टर बराच वेळ चाळलं आणि चांगलं आहे म्हणाले.

मागच्या थंडीत मी जळगावला अक्काकडे गेलो. पत्ता तिच्या गावच्या त्याच पेशंटने दिला होता. धुळ्याहून पारोळा-एरंडोलमार्गे बसने जाताना, काय बोलायचं ते मी मनात तीनदा जुळवलं. ती एका घरी अंथरुणावर असलेल्या म्हातारीची देखभाल करत होती. घरातली माणसं कामावर गेली होती. तिने मला ओट्यावर बसवलं, पाणी आणलं. गुडघ्याला पट्टा तसाच होता.

"कव्हय उनात भाऊ? पोरंसोरं बरी शेतस ना?"

"बरी आहेत. अक्का, ते पत्र मी..."

"ठाऊक शे. मॅडमनी वाची दाखाडं माले. दोन पानं. बठ्ठं." म्हणजे सगळंच.

"मला वाटलं, तुला वरचं काम देतील."

ती म्हातारीच्या खोलीकडे कान देऊन होती. "मी तुमले सांगं होतं, सुईनं लिखू नका. सांगं होतं का नही?"

"सांगितलं होतं."

"लिखाना आधी एक फोन कराले काय व्हयनं होतं? नंबर होता ना तुमनाजवळ?"

होता. मी तसं म्हणालो.

"तुमना जीव हलका व्हयना का?"

"त्या दिवशी झाला होता."

"मंग एक जननं तरी काम झायं," ती म्हणाली आणि हसली. त्या हसण्यात टोमणा होता, पण राग होता असं मला नाही वाटलं. निदान मला दाखवण्याइतका नव्हता.

जुळवून आणलेलं मला काही आठवेना, म्हणून मी रजिस्टरचं सांगितलं. कसं घातलंय, मावश्या कशा सह्या करतात, एकीला त्यावरून दाखला कसा मिळाला. मी थोडा उत्साहानेच सांगत होतो. तिने सगळं ऐकून घेतलं.

"चांगलं करं," ती म्हणाली. "त्यामा मनं नाव शे का?"

"नाही. तू गेल्यावर सुरू केलं ना."

"मंग माले कसाले सांगतस?"

मी म्हणालो, इथल्या दुसऱ्या एखाद्या दवाखान्यासाठी नवा दाखला देतो, फक्त डावीकडची कामं लिहून, अगदी तू म्हणाली होतीस तसा. कागद आणि शिक्का मी पिशवीत घालून आणले होते. ते मी बाहेर काढले.

तिने शिक्क्याकडे पाहिलं. मग म्हणाली, जळगावात दवाखाने किती आणि मेट्रन किती, सगळ्या एकमेकींना ओळखतात. आता इथे बरं आहे. म्हातारी हलकी आहे, उचलावी लागत नाही, कूस बदलली की झालं. खाली बसायचं काम नाही. इथे कोणी कागद मागितला नाही. घरच्यांनी फक्त विचारलं, आधी कुठे होतीस, आणि ती म्हणाली, दवाखान्यात.

"ठेवा ते पिशवीमा," ती म्हणाली. "आते मनाबद्दल कोनले काही लिखू नका. चांगलंबी नही."

आतून म्हातारीने हाक मारली. अक्का भिंतीला धरून उठली, दाराशी थांबून म्हणाली, "तुमनी गाडी निंघी जाई," आणि आत गेली. म्हातारीला काहीतरी विचारत असल्याचा तिचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. मी पाण्याचा पेला ओट्यावर ठेवला, शिक्का आणि कोरा कागद पिशवीत घातला, चपला घातल्या. थोडा वेळ तिथेच उभा राहिलो. तिला न विचारता आणखी एखादं पत्र मी लिहिणार नाही, एवढं त्या वेळी मला नक्की वाटलं. हे लिहिण्याआधी मात्र तिला फोन केला. तिच्या गावाचं, घराचं, नावाचं काही टाकणार नाही, असं सांगितलं. ती म्हणाली, "लिखा. पन यावखत सही तुमनीच ऱ्हाऊ द्या, मना हात नका लावा."

तेव्हा यात जे काही आहे ते माझंच आहे.